घरातला तिसरा

घरात आम्ही दोघंच राहतो, आणि आमच्या यांचं म्हणणं असं की कॉम्प्युटरचा पासवर्ड कोणीतरी बदलतंय. आपण बदललेला नाही, हे ते छातीठोकपणे सांगतात. मग उरलं कोण, हे कळायला फार अक्कल लागत नाही.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी हसले होते. मी घरी बसून कॉम्प्युटरवर शाळेच्या पुस्तकांची पानं लावून देते. नवा प्रिंटर आला होता आणि त्याचं सॉफ्टवेअर बसवायचं होतं. आमचं मशीन विंडोजवर नाही, लिनक्सवर चालतं, यांनीच सुटे भाग आणून जोडलेलं. त्यात माझं खातं साधं आणि यांचं अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं. मला माझं काम करता येतं, पण नवीन काही बसवायचं म्हटलं की मशीन यांचा पासवर्ड मागतं. मग मी हाक मारायची, यांनी यायचं, मला भिंतीकडे तोंड करायला लावायचं आणि टाइप करायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस माझ्यासमोर फाटक्या बनियनवर फिरतो, पण पासवर्ड टाकताना मी परकी.

त्या दिवशी मशीनने पासवर्ड घेतला नाही. टर्मिनलच्या, म्हणजे हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, साधा ठिपकासुद्धा नाही, त्यामुळे बोट कुठे चुकलं ते समजत नाही. यांनी पुन्हा टाकला. मग कॅप्स लॉक बघितला. मग कीबोर्ड दुसऱ्या भाषेवर ठेवल्याबद्दल मला बोलून घेतलं, तो नव्हता ठेवलेला. मग माळ्यावरून जुना कीबोर्ड काढून तो जोडला. त्यानेही काही फरक पडला नाही. शेवटी खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "कोणीतरी बदललाय."

"चोर आला आणि टीव्ही सोडून पासवर्ड घेऊन गेला वाटतं," मी म्हणाले. "अहो, विसरला असाल."

विसरला असाल, हे मी बोलायला नको होतं. हे एका मोठ्या हॉस्पिटलच्या सर्व्हर रूमचे प्रमुख होते. तिथे यांना सगळे मागून 'रूट' म्हणायचे, कारण लिनक्समध्ये सर्वात वरच्या अधिकाराच्या खात्याला तेच नाव आहे. डॉक्टर मंडळी पासवर्ड विसरून यांच्याकडे यायची आणि बोलणी खाऊन जायची. लिहिलेला पासवर्ड म्हणजे उघडं दार, एकदा वापरलेला पुन्हा वापरायचा नाही, जन्मतारखा आणि मुलांची नावं तर मुळीच नाहीत, असे यांचे कडक नियम. सगळं डोक्यात. आमच्या घरात एकही पासवर्ड कुठल्या कागदावर सापडणार नाही.

"मी विसरलो नाही," एवढंच म्हणाले आणि मला चहा करायला पिटाळलं. चहा होईपर्यंत काम झालंसुद्धा. मशीन बंद करायचं, चालू होताना एक की दाबून धरायची, मेन्यूमधून रिकव्हरीत जायचं. तिथे मशीन जुना पासवर्ड विचारतच नाही. जो पुढ्यात बसलाय तोच मालक, असं धरून चालतं. यांनी नवा पासवर्ड घातला, माझा प्रिंटर सुरू करून दिला आणि विषय संपला असं मला वाटलं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. या खेपेला मी काही बोलायच्या आत यांनी मला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. पासवर्ड शेवटचा कधी बदलला, ती तारीख मशीनकडे असते.

"मी रविवारी बदलला. तू समोर होतीस. बरोबर?"

"बरोबर."

"हे काय लिहिलंय?"

बुधवार लिहिलं होतं.

"आता सांग मी विसरलो म्हणून."

विसरलेला पासवर्ड माणसाच्या डोक्यातून जातो, मशीनमधला बदलत नाही, एवढं मलाही कळतं. बुधवारी कोणीतरी खरंच बदलला होता. आणि माझ्या खात्याचा पासवर्ड जसाच्या तसा होता, त्याला कोणी हात लावला नव्हता. हेही यांनी तपासून ठेवलं होतं. ते मला मुद्दाम सांगितलं नाही, पण तपासलेलं उघडंच ठेवून गेले, मला दिसावं म्हणून.

त्यानंतर घराची हवा बदलली. यांनी आधी वेबकॅमवर चिकटपट्टी लावली. मग टेबल फिरवून असं लावलं की बसणाऱ्याची पाठ भिंतीकडे राहील आणि खोलीत येणारा आधी दिसेल. बाहेर जाताना इंटरनेटची वायर काढून खिशात घालायला लागले. खिडक्यांच्या कड्या दिवसातून कितीदा बघायचे त्याला सुमार नाही. हे सगळं ते शांतपणे करायचे, आणि मला तीच शांतता खुपायची. आमचे हे आरडाओरड करणारे गृहस्थ. भाजीत मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेतील. गप्प बसलेला हा माणूस मी कधी बघितलाच नव्हता.

"बुधवारी दुपारी कुठे होतीस?" एकदा जेवताना विचारलं.

"घरात. नाहीतर छापखान्यात. मला काय आठवतंय."

"आठवत नाही," त्यांनी माझेच शब्द उचलले आणि पुढचा घास घेतला.

मी चिडले. तोंडाला आलं ते बोलले. एवढा पत्ता लावायचाय तर बोलवा त्या तुमच्या नवख्याला, म्हणाले. हा नवखा म्हणजे यांच्या हाताखाली शिकलेला माणूस. हे निवृत्त झाल्यावर यांच्या खुर्चीत तोच बसला, आता त्याचेही केस पांढरे झालेत, पण आमच्या घरात तो नवखाच. शब्दाचा पक्का आणि सरांवर जीव टाकणारा. मला वाटलं, तो येईल, कुठलीतरी बिघडलेली सेटिंग शोधून काढेल आणि मी यातून सुटेन.

तो शनिवारी आला. हे शेजारी स्टूल घेऊन बसले आणि त्याच्या प्रत्येक बटणावर लक्ष ठेवत होते. नवखा मशीनच्या नोंदी वाचत खाली खाली गेला. बराच वेळ झाला. मग चष्मा काढून पुसला, आणि मला जरा बरं वाटेनासं झालं. चष्मा पुसणारी माणसं सहसा चांगली बातमी देत नाहीत.

"सर, बाहेरून कोणी आलेलं नाही. इंटरनेटवरून तर नाहीच. प्रत्येक वेळी मशीन बंद करून रिकव्हरीतून बदललाय. त्यासाठी या खुर्चीत बसावं लागतं."

"वेळ?"

"दुपारची. दर वेळी दुपारचीच."

दुपारी हे झोपतात. अख्ख्या इमारतीला ते माहीत आहे, कारण तेवढा वेळ आमच्या दाराची बेल बंद असते. दुपारी या घरात जागं असतं ते कोण, हे नवख्याने विचारलं नाही. त्याने फक्त वर बघितलं, माझ्याकडे, आणि लगेच नजर खाली घेतली. रिकव्हरी म्हणजे काय हे मला ठाऊक आहे, हेही त्याला माहीत होतं. निवृत्त झाल्यावर यांनी मला आणि आमच्या लेकीला टेबलाशी बसवून ते शिकवलं होतं, आणि 'माझ्या बायकोला रिकव्हरी करता येते' म्हणून जुन्या ऑफिसात जाऊन मिरवलं होतं.

"वहिनी, तुम्ही कधी चुकून..." तो निघताना दारात म्हणाला.

"चुकून कोणी रिकव्हरीत जातं का रे?"

"नाही," तो म्हणाला आणि चप्पल शोधायला लागला.

रात्री लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या देशात असते. आधी तब्येतीचं झालं, हवापाण्याचं झालं. मग म्हणाली, "आई, रागावू नकोस. बाबांवर कशाचा राग आहे का तुझा? असेल तर मला सांग ना. असं करू नकोस." मला रडूच आलं. पोटची पोर, तिलाही खरं वाटलं. फोन ठेवल्यावर मी न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं, आणि नळ बंद केला तेव्हा बाहेर यांचा हलका आवाज ऐकू आला. लेकीशीच बोलत होते. "तिला काही बोलू नकोस. आपण फक्त लक्ष ठेवायचं तिच्यावर." मी ओल्या तोंडाने तिथेच उभी राहिले. मला यांची भीती वाटली, आणि अशी भीती वाटली याची लाजही.

खरं सांगायचं तर पुढचे काही दिवस मला माझीच खात्री वाटेनाशी झाली. मीच करत असेन तर? झोपेत चालणारी माणसं असतात. दुपारी पानं लावता लावता माझाही डोळा लागतो. उठल्यावर मी हात बघायचे, जणू त्यांच्यावर काही उमटलेलं असेल. यांना माझ्या हातचा चहा नकोसा झाला होता, स्वतःचा स्वतः करून घ्यायचे. आणि एके दिवशी त्यांनी जाहीर केलं की आता यापुढे एकदा जरी बदलला तर सगळी डिस्क पुसून टाकणार.

"माझी पानं आहेत त्यात," मी म्हणाले.

"मग ज्याला पानं प्यारी आहेत त्याने विचार करावा."

छापखान्यात पानं पोचवायला मी दुपारीच जाते. त्या दिवशी अर्ध्या वाटेत लक्षात आलं की पेनड्राइव्ह टेबलावरच राहिला. मी परत फिरले. यांची झोप मोडू नये म्हणून किल्लीने हळूच दार उघडलं, चपला हातात घेतल्या आणि आत आले.

मशीन चालू होतं. पडदा काळा होता, त्यावर पांढरी अक्षरं. खुर्चीत हे बसले होते.

त्यांनी मला बघितलं, पण थांबले नाहीत. बोटं कीबोर्डवर अशी चालली होती की मला एकदम त्यांचे नोकरीचे दिवस आठवले. अडखळणं नाही, शोधणं नाही. कुठली ओळ आधी, कुठली नंतर, कुठे थांबायचं, सगळं बोटांना पाठ. नवा पासवर्ड टाकला, पुन्हा टाकला, मशीन पुन्हा सुरू केलं. मग माझ्याकडे वळले. चेहरा असा खुलला होता की मी तो आनंद कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

"आत होता," ते म्हणाले. "माझा पासवर्ड चालेना. काढला बाहेर."

"कोणाला?"

"आता नाही यायचा परत."

मग उठले, माझ्या बाजूने गेले आणि आतल्या खोलीत जाऊन आडवे झाले. थोड्या वेळाने घोरायला लागले. मी हातात चपला घेऊन तिथेच खाली फरशीवर बसले. छापखान्यातून फोन आला, तो वाजू दिला.

संध्याकाळी ते उठले, तोंड धुतलं, टेबलाशी बसले. मी दारातून बघत होते. पासवर्ड टाकला. पुन्हा टाकला. गेल्या रविवारी घातलेला टाकत असणार, दुपारच्याची त्यांना कल्पनाच नव्हती. मग सावकाश मान वळवून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आज दुपारी तू घरी होतीस," म्हणाले. तेवढं मात्र लक्षात होतं.

आता सगळं उलगडलं होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. दुपारी झोपेतून उठायचे, पासवर्ड टाकायचे, तो आठवणीतला नसायचा, म्हणजे कोणीतरी शिरलंय. शिरलेल्याला हाकलायचं तर रिकव्हरी. ती हातांना येत होती. नवा पासवर्ड घालायचा आणि नियमाप्रमाणे पूर्वी कधीच न वापरलेला घालायचा. मग पुन्हा झोप, आणि उठेपर्यंत पासवर्डही गेला आणि आपण तो घातला हेही गेलं. राहायचा तो फक्त संशय. दर वेळी ते त्या माणसाला बाहेर काढत होते, आणि तो माणूस ते स्वतःच होते.

मी डिस्क वाचवली ती खोटं बोलून. प्रिंटरसाठी मीच काहीतरी छेडछाड केली, चुकलं, असं मी म्हणाले. यांनी मान हलवली. गुन्हा कबूल झाल्यावर पोलिसांना वाटत असेल तसं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं. डॉक्टरांकडे जाऊया, असं मी दोन दिवसांनी जपून सुचवलं, तर म्हणाले, "डोकं तुझं तपासून घे." त्यात राग नव्हता. मनापासूनचा सल्ला होता.

नवख्याला फोन करून सांगितलं तेव्हा त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वहिनी, मी तुमच्याकडे बघितलं होतं त्या दिवशी."

"बघितलं होतंस. आता उपाय सांग."

उपाय त्याच्याकडे होता. मशीन चालू होतानाच्या मेन्यूलाच कुलूप घालायचं, म्हणजे रिकव्हरीत जाताच येणार नाही. सरांचं खातं पासवर्डशिवाय उघडेल असं करायचं, म्हणजे विसरायला काही उरणार नाही. आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या यादीतून त्यांचं नाव काढून माझं घालायचं. "बदलताच आलं नाही की कोणीतरी बदलतंय असं वाटायचं थांबेल," तो म्हणाला. "घर शांत होईल. मग हळूहळू डॉक्टरांचं बघू." मला ते पटलं. मी इतकी थकले होते की मला काहीही पटलं असतं.

हे सकाळी फिरायला जातात तेवढ्यात आम्ही रिकव्हरीत शिरून ते उरकलं. नवख्याने सरांचं नाव यादीतून काढलं तेव्हा त्याचा हात जरा थांबला. मग उठून मला खुर्ची दिली. "पासवर्ड तुम्ही घाला. मला सांगू नका." मी आयुष्यात पहिल्यांदा त्या मशीनची मालकीण झाले. चोरी करताना छाती धडधडते म्हणतात, तशी माझी धडधडत होती.

तो गेला. हे आले, आंघोळ झाली, पेपर झाला. मग टेबलाशी बसले. खातं आपोआप उघडलं तेव्हा भुवया वर गेल्या. टर्मिनल उघडलं, काहीतरी टाइप केलं. मी स्वयंपाकघरात भांडी लावत होते आणि एकेक भांडं आवाज न करता ठेवत होते.

हे आत आले. दार लोटून घेतलं. माझ्या अगदी जवळ येऊन उभे राहिले. कित्येक दिवसांनी इतके जवळ आले होते.

"ऐक," ते कुजबुजले. "तो शिरलाय. या वेळी पुरता शिरलाय. माझं नावच काढलंय यादीतून. मशीन म्हणतंय, तुम्हाला परवानगी नाही आणि या घटनेची नोंद केली जाईल. ही नोंद कोणाकडे जाते माहीत आहे? अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडे. म्हणजे त्याच्याकडेच. मी आत्ता जे टाइप केलं ते त्याला दिसतंय."

"अहो, बसा जरा."

"नाही, ऐक. मेन्यूलासुद्धा कुलूप आहे. हे काम साध्या माणसाचं नाही. मलाही शिकवू शकेल असं कोणीतरी असावं, इतकं पक्कं केलंय." कीबोर्डवर कधीच न अडखळणारे त्यांचे हात मी धरले. "मी इतके दिवस तुझ्यावर संशय घेतला. तुझ्यावर. हे तुझं काम असूच शकत नाही, हे मला आज कळलं. चुकलं माझं."

मी हात सोडले नाहीत.

"तू नाहीस ना?" त्यांनी विचारलं. संशय नव्हता त्यात. लहान मूल अंधारात विचारतं, तू आहेस ना इथे, तसं विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

ती एक खोटी कबुली सोडली तर इतके दिवस मी हेच उत्तर खरं म्हणून देत होते आणि त्यांनी एकदाही मानलं नव्हतं. आता त्यांनी सुटकेचा श्वास टाकला, माझ्या खांद्यावर कपाळ टेकलं आणि तसेच उभे राहिले. बाहेर मशीनचा पंखा फिरत होता. मग त्यांनी डोकं वर केलं, दाराकडे एकदा बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तुझा पासवर्ड आजच बदल. कुठे लिहू नकोस. आणि कोणाला सांगू नकोस. मलासुद्धा नाही."

मी हो म्हणाले.